शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या धाकटीने विमा कंपनीतली अकरा वर्षांची नोकरी सोडली आणि जाहीर केलं, "मी गाडी चालवायला शिकवणार." ह्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "कोणाला?" मी मात्र आठवडाभर डोकं धरून बसले. चौतिसाव्या वर्षी कोणी पक्की नोकरी सोडतं का?

"आई, अकरा वर्षं मी अपघात झाल्यानंतरचे कागद वाचले. आता एकदा अपघाताच्या आधी पोचायचंय."

वाक्य झकास होतं. बहुधा आरशासमोर पाठ केलेलं.

झालं, बाई रुजू झाल्या. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. हिने तो इतका दाबला, की शिकणारे नुसते स्टिअरिंगची शोभा वाढवत बसायचे. कुत्रं दिसलं, दाब. कुत्रं झोपलेलं असलं तरी दाब. प्रत्येक सायकलवाल्याच्या जागी तिला नुकसानभरपाईचा अर्ज दिसायचा.

तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, "मॅडम, गाडी तुम्हीच चालवताय. शनिवारी मी मागे बसतो. एका नवख्या माणसाकडून मंडईमागे एक फेरी मारून घ्या, तुमच्या ब्रेकला पाय न लावता. नाही जमलं तर इथेच थांबू."

जुन्या ऑफिसातली तिची जागा अजून रिकामी होती. मी फोन करून खात्री करून घेतली होती. हे तिला अजून माहीत नाही.

नवखा माणूस म्हणून तिने मलाच नेलं. माझं शिकाऊ लायसन्स तिनेच हट्टाने काढून ठेवलेलं.

"तुझ्याहून घाबरट कोण मिळणार?"

"आईशी असं बोलतात?"

"गिअर टाक."

मंडईमागच्या गल्लीत पायी चालणारी माणसं आम्हाला मागे टाकत होती. तेवढ्यात फळांची हातगाडी आडवी आली. तिचा पाय ब्रेककडे निघालेला मी पाहिला. खरं सांगते, क्षणभर मनात आलं, दाब बाई एकदाचा, आणि सोमवारी मुकाट ऑफिसला जा. तिने दोन्ही पाय वर उचलले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"अगं, हे काय!"

"समोर बघ, आई! ब्रेक तुझ्याकडे आहे!"

मी सगळा जीव उजव्या पायात ओतला. हातगाडीपासून हातभर अंतरावर गाडी आचका देऊन थांबली आणि बंद पडली. फळवाल्याने माझे पांढरे केस पाहिले आणि तोंडावर आलेली शिवी गिळली.

मागून मालक म्हणाले, "मॅडम, मांडी घालून शिकवणं कुठल्याच नियमात बसत नाही."

"पुन्हा नाही घालणार."

"नकाच घालू. सोमवारपासून सकाळची सातची बॅच तुमची."

 तिचा हात हातात घ्यायला मी वळले, तर बाईसाहेब खेकसल्या, "आई, दोन्ही हात स्टिअरिंगवर! मागे किती लोक खोळंबलेत, बघ जरा."