बोटांना न लागलेला रफू

माझी मावशी रफू करायची. आमच्या लॉन्ड्रीत खिडकीपाशी तिची खुर्ची होती. काम झालं की ती डोळे मिटून कापडावरून बोटं फिरवायची. रफू बोटांना लागला, तर सगळा उसवून पुन्हा घालायची. “डोळ्यांना कुणीही टोपी घालतं, बोटांना नाही,” म्हणायची. हट्टी बाई! तिच्यापायी गिऱ्हाइकं ताटकळायची आणि काउंटरवर बोलणी मी खायची.

मग तिला साधाच व्हायरल ताप आला नि गेला. ती कामावर परतली ती झपाट्यानं कपडे हातावेगळे करू लागली. उसवणं बंदच. “आता हात बसला बघ, भाचीबाई!” मला तर बरंच वाटलं.

पुढे एका गिऱ्हाइकानं कोट आणून काउंटरवर आपटला. बाहीवरचा रफू खपलीसारखा वर आला होता. मावशीनं डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली. “कुठाय? काहीच तर लागत नाही.” तिच्या अंगठ्यात सुई रुतलेली होती, रक्त बाहीवर उतरत होतं, आणि ती हसत होती.

संध्याकाळी तिला खुर्चीतून उठता येईना. तिला इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. विषाणू केव्हाच मेला होता. त्याला मारणारी शरीराची फौज मात्र थांबली नव्हती. नसांवरचं आवरण त्या फौजेला शत्रूसारखं वाटलं आणि ती तेच कुरतडत सुटली. कुंपणानंच शेत खाल्लं.

“म्हणजे मीच मला उसवतेय?” मावशीनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

उपचारांनी पाय परतले. बोटं नाही. “बोटं गेली तर मी कोण गं?” ती विचारायची. मला रडू यायचं. नसा हळूहळू भरतात, भरताना खोट्या खबराही देतात, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं.

एका दुपारी घरी ती उशीवर हात फिरवत बसली होती. बोटं अचानक थांबली.

“लागला! रफू लागला गं मला!” तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “कुणी घातलाय हा? शी, पोतं शिवल्यासारखा! उसव आधी.”

उशीचा अभ्रा कोरा होता, मीच सकाळी पुडक्यातून काढून घातलेला.

“उसवतेस ना?”

“हो, मावशी.” मी सुई घेतली आणि तिनं बोट ठेवलं होतं तिथलं धडधाकट कापड उसवायला लागले.