ऑर्फाचा राजमा

ऑर्फा हाल्वरसन ही माझी नणंद. सत्तरी कधीच उलटली, कणा अजून ताठ, आणि मला ती आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी, ग्लेनिस, केसाने गळा कापते असं मागून कोणी म्हणायला नको.

तिचे गुण लपवणार नाही. त्यांची आई गेली तेव्हा माझा नवरा डेल्मर शाळेतही जात नव्हता. ऑर्फाने त्याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, आमच्या चर्चच्या शाळेत मुलांसाठी रांधून म्हातारी झाली. तिने कधी डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही असं ती येताजाता सांगते, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. आमच्या पंथाने नको म्हटलेलं मांस, कॉफी, मिरी, मोहरी, व्हिनेगर यांतलं काहीही तिच्या ओठांना लागलेलं नाही. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली ती गळ्यात दोरीला बांधून फिरायची. शनिवारी उपासनेनंतर आम्ही सगळे तळघरात एकत्र जेवतो, ज्याने त्याने घरून एक भांडं आणायचं. ऑर्फा दाराशी उभी राहून प्रत्येक भांड्याचं झाकण उचलायची, वास घ्यायची आणि मग ते टेबलावर जायचं. कधीकधी जायचंही नाही.

मी बाहेरून आलेली. माझ्या वडिलांची गुरं होती, खाण्यासाठी पाळलेली. लग्नाआधी मी बाप्तिस्मा घेतला, मांस सोडलं, शनिवार हा विसाव्याचा पवित्र दिवस म्हणून पाळू लागले. तीस वर्षं झाली. ऑर्फाच्या लेखी मी अजून खाटकाची पोरच.

गेल्या शरदात डेल्मरला हृदयविकाराचा झटका आला. मांस आमच्या घरात नव्हतंच, पण चीज, अंडी आणि आइस्क्रीम यांचं नाव घेऊन बायबलात कोणी बंदी घातलेली नाही, आणि डेल्मरने त्याचा पुरेपूर फायदा घेतला होता. डॉक्टर म्हणाले, आता फक्त झाडापासून येतं तेच खायचं. डाळी, भाज्या, फळं, अख्खी धान्यं. तेल जवळजवळ नाही. मी ऐकत होते, मान हलवत होते, मनात आठवड्याचे बेत जुळवत होते. मला येतं हे सगळं. तीस वर्षं काय मी गवत उपटत होते?

घरी आलो तर ऑर्फा माझ्या स्वयंपाकघरात. माझी कपाटं उघडी.

"मिरी टाकली," ती म्हणाली. "कॉफीही टाकली. बारा महिने कॉफी लपवून ठेवलीस की गं माझ्या भावाच्या घरात!"

"माझ्या घरात," मी म्हटलं.

"आणि हे बघ." तिने दोन बोटांनी माझ्या आईचं जाड लोखंडी पातेलं उचललं. आई त्यात गुराख्यांसाठी राजमा शिजवायची. "याच्या अंगात डुकराची चरबी मुरलीय. घरात नको."

"अगं, मी तीस वर्षं त्यात मसूर शिजवतेय."

"चरबी जात नसते, ग्लेनिस. माणसातलीही जात नाही."

पातेलं गॅरेजमध्ये गेलं. डेल्मर खुर्चीत बसून सगळं बघत होता. बहिणीसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, हा त्याचा जन्माचा आजार. त्याला औषध नाही.

त्या दिवसापासून मी माझ्याच घरात पाहुणी झाले. रविवारी ऑर्फा येऊन फ्रिजवर आठवड्याचा बेत लावायची. सकाळी ओट्समध्ये दळलेलं जवस आणि सफरचंद. दुपारी मसूर-अक्रोड एकत्र मळून पावाच्या साच्यात भाजलेला लोफ, नाहीतर बार्ली आणि कोबीचं सूप. रात्री फळ, तेही डोळे वटारून दिल्यासारखं. खाणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. डेल्मरचं वजन उतरलं, रंग परतला. पण मीठ इतकं बेताचं की तो जेवताना खिडकीबाहेर बघत बसायचा. मी कांदा परतून त्यात थोडं जिरं टाकलं, तर ऑर्फाने चमचा चाटून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मेल्यावरही विसरणार नाही.

"त्याला मी वाचवलंय एकदा," ती म्हणाली. "पुन्हाही मीच वाचवीन. तू आपली भांडी घास."

मला नवरा हवा होता, आणि त्याला माझ्या हातचं खाऊ घालायचा हक्क हवा होता. एवढंच. ते मागायलाही माझ्याच घरात मला तोंड नव्हतं.

डिसेंबरातला एक शुक्रवार. शुक्रवार म्हणजे आमचा तयारीचा दिवस. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, आणि ऑर्फाच्या पिढीची माणसं त्यानंतर दुसऱ्या दिवशीचा सूर्य बुडेपर्यंत काहीही रांधत नाहीत. आधी शिजवून ठेवलेलं फक्त गरम करायचं. विजेचा स्लो कुकर उजेडी लावून ठेवला, तर तो आपला रात्रभर मंद शिजत राहतो, ते चालतं. हिवाळ्यात आमच्या इथे दुपारी चारनंतर सूर्य टेकडीला टेकतोच. म्हणून शुक्रवारी अख्खं गाव पळत असतं.

त्या दिवशी ऑर्फाला उशीर झाला. चर्चमध्ये येसेनियाशी भांडत बसली होती. येसेनियाचं कुटुंब वर्षभरापूर्वी इथे आलं, नवरा कांद्याच्या शेतांवर काम करतो. तिच्या टोमॅटोच्या चटणीत मिरची असते यावर ऑर्फाचा दर शुक्रवारी वाद. वाद संपवून, नाक फुगवून ती माझ्या घरी आली तेव्हा भिंतीवर ऊन तांबडं झालं होतं. रात्रीपासून भिजवलेला राजमा तसाच पडला होता. तिने तो निथळला आणि थेट स्लो कुकरमध्ये ओतला. वरून कांदा, टोमॅटो, पाणी. बटण मंदवर.

"थांब," मी म्हटलं. "राजमा आधी खळखळून उकळावा लागतो. कच्चा राजमा मंद आचेवर ठेवला तर तो विषारीच राहतो. माझी आई सांगायची. एकदा गुराख्यांचा अख्खा तळ उलट्यांनी आडवा झाला होता."

"तुझी आई!" ऑर्फा हसली. "गुरं कापणारीने मला राजमा शिकवायचा?"

"निदान आत्ता दहा मिनिटं उकळून घे."

"बाहेर बघ. ऊन कुठंय? देवाचा दिवस मोडू तुझ्या आईच्या सांगण्यावरून?" ती शेगडीपुढे अशी उभी राहिली, जशी गाय गोठ्याच्या दारात आडवी उभी राहते. सूर्य बुडाला. तिने रुमाल बांधला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये निघून गेली.

डेल्मर पुढच्या खोलीत खुर्चीत होता. मी कुकरमधल्या त्या लाल दाण्यांकडे बघत उभी राहिले. उद्या हे त्याच्या पोटात जाणार. झटक्यातून उठलेला माणूस, त्याला रात्रभर उलट्या झाल्या तर काय राहील? मग मी गॅरेजमध्ये गेले, आईचं पातेलं आणलं, घासलं, राजमा त्यात ओतला आणि गॅस पेटवला. शब्बाथच्या दिवशी. मोठा केला. खळाखळा उकळू दिला, झाकण वाजत होतं तरी कमी केला नाही. हातासरशी जिरं टाकलं आणि मिठाची चिमूट वाढवली. मग सगळं परत स्लो कुकरमध्ये. पातेलं धुऊन होतं तिथे ठेवलं. पाप वाटलं का? नाही वाटलं. भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑर्फा आमच्याकडे जेवली. दोनदा वाढून घेतलं.

"बघ," ती म्हणाली, "म्हणे विष! देवाच्या वेळेवर चाललं की सगळं आपोआप शिजतं. इतका चांगला राजमा मी जन्मात केला नव्हता."

डेल्मरने ताट पावाने पुसून घेतलं. मी खरं पोटात ठेवलं. सांगितलं असतं तर तिने डेल्मरलाच तिच्या घरी हलवलं असतं.

ती हे डोक्यात पक्कं धरून बसेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुढच्या शुक्रवारी तिने चर्चच्या तळघरात तीन मोठे स्लो कुकर लावले. भिजवलेला राजमा, थेट, मंद. त्या शनिवारी डेल्मरला खोकला होता, म्हणून आम्ही घरीच राहिलो. दुपारी फोन वाजायला लागले. जेवणानंतर काही वेळातच माणसं आडवी झाली होती. आमच्या चर्चचे पास्टर व्हिटकॉम गवतावर ओकत होते, म्हाताऱ्या बायका बाकांवर कण्हत होत्या, दोघांना सलाइन लावावं लागलं. ऑर्फालाही झालं. रात्रीपर्यंत सगळे सावरले, कोणी दगावलं नाही, देवाची कृपा.

रविवारी सकाळी तळघरात सभा बसली. सगळे पांढरेफटक, हातात पाण्याचे पेले. ऑर्फा पहिल्या खुर्चीत, किल्ली छातीवर.

"मी तोंडावर सांगते," ती म्हणाली. "येसेनियाची ती चटणी. मिरच्या कुठल्या, हात कुठले, कोणास ठाऊक. मी दाराशी अडवणार होते, पास्टरांनी अडवू दिलं नाही."

येसेनिया उभी राहिली. रागात असूनही चर्चच्या रीतीने तिला सिस्टर म्हणाली. "सिस्टर ऑर्फा, माझ्या घरात माझ्या लेकरांनी तीच चटणी खाल्ली. कोणाला काही झालं नाही. तुमचा राजमा कच्चा होता."

"माझा राजमा!" ऑर्फाने टेबलावर हात आपटला. "गेल्या शब्बाथला अगदी असाच केला होता, माझ्या आजारी भावाला खाऊ घातला. स्वतः दोनदा घेतला. विचारा ग्लेनिसला. ती माझी मैत्रीण नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. तरी विचारा."

पास्टर माझ्याकडे वळले. "खरं आहे का, सिस्टर? असं असेल तर येसेनियाने यापुढे भांडं आणू नये, हेच बरं."

मी डेल्मरकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

"खरं नाही," मी म्हटलं. "ऑर्फाने कच्चाच ठेवला होता. ती प्रार्थनेला गेल्यावर मी तो काढून उकळला. म्हणून कोणाला काही झालं नाही."

ऑर्फाने हळूच मान वळवली.

"मी गेल्यावर? म्हणजे सूर्य बुडाल्यावर?"

"हो."

"गॅस पेटवून?"

"चांगला मोठा पेटवून."

तिचा चेहरा कालच्या उलट्यांनी उतरला नव्हता तितका आता उतरला. येसेनियाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. इतकी माणसं तिच्या हातून आजारी पडली, त्याचं तिला काहीच नव्हतं.

"कुठल्या भांड्यात?" तिने विचारलं.

"माझ्या आईच्या."

तिने तोंडावर हात ठेवला. वाटलं पुन्हा ओकते की काय. सत्तर वर्षं तिने सांभाळलेलं तोंड. शब्बाथला रांधलेलं, चरबीच्या पातेल्यातलं, तिने दोनदा वाढून घेऊन खाल्लं होतं आणि वर वाखाणलंही होतं. मला खोटं बोलायचं नाही: मला आनंद झाला.

ती उठली, गळ्यातली दोरी काढली, किल्ली टेबलावर टाकली. "हे स्वयंपाकघर आता कोणालाही द्या," ती म्हणाली. मग माझ्यासमोर थांबली. "आणि तुझ्या घरात मी पाण्याचा घोटही घेणार नाही. तुझ्या शेगडीला हात लावणार नाही. जिवंत आहे तोवर नाही."

"बरं," मी म्हटलं.

येसेनियाची कोणी माफी मागितली नाही. पास्टरांनी किल्ली मात्र तिच्या हातात ठेवली. मला ते म्हणाले की शब्बाथबद्दल माझ्याशी निवांत बोलावं लागेल. बोला म्हटलं, पोट बरं झालं की.

गाडीत डेल्मरने पट्टा लावला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. झाकण वाजत होतं. पुढच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं."

मी गाडी कडेला घेतली. "ठाऊक होतं? मग मघाशी एक शब्द का नाही काढलास? मी एकटी उभी होते सगळ्यांसमोर!"

"ऑर्फा होती ना," तो म्हणाला.

"आणि त्या शनिवारी जेवताना? ताट पुसून खाल्लंस ते?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "फार दिवसांनी कोणीतरी नीट मीठ घातलं होतं."

मी घरी गेल्यावर फ्रिजवरचा ऑर्फाचा बेत काढला, पातेलं आत आणलं आणि राजमा भिजत घातला.