नणंदबाईंच्या खळ्या

आमच्या नणंदबाईंइतकी निराश बाई लांजीपासून बिरसापर्यंत अख्खा बालाघाट जिल्हा पालथा घातला तरी सापडायची नाही, आणि निराश राहण्यासाठी इतके कष्ट उपसणारी तर साऱ्या पृथ्वीवर नसेल. चार माणसं निराश झाली की अंथरुणात पडून राहतात. नणंदबाई पहाटे पाचला उठायच्या. उठल्याबरोबर रात्री भरून ठेवलेला तांब्या तोंडाला लावायच्या, मग दुसरा, मग तिसरा, आणि सहाव्या तांब्यानंतर मोठा सुस्कारा टाकून म्हणायच्या, "काई होत नाई याच्यानं. पण पेतो आपली." त्या किरनापुरच्या एका कार्यालयात बाबू होत्या, तीस वर्षं रोज बसने अप-डाउन करायच्या. पोटात सहा तांबे घेऊन खडखडत्या बसने प्रवास करणं म्हणजे काय हे ज्याचं त्याला ठाऊक. शेवटी ड्रायव्हरच शहाणा झाला आणि न सांगता वाटेतल्या पेट्रोल पंपापाशी दोन मिनिटं बस थांबवू लागला. त्या थांब्याला सगळे प्रवासी "दीदी का पंप" म्हणायचे. नणंदबाईंना वाटायचं, बस डिझेलसाठी थांबते.

या सगळ्या खटाटोपाचं कारण एवढंच की त्यांच्या मांड्यांवर खळ्या आहेत. संपलं. दुसरं काहीही दुःख नाही, असं त्या स्वतः सांगतात. या गोष्टीला काही नाव असतं हे त्यांना पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. एक दिवस बसमध्ये फोनवर कसला तरी हिंदी व्हिडिओ लागला, आणि त्यातल्या बाईने 'सेल्युलाइट' असा शब्द उच्चारला. संध्याकाळी घरी आल्या त्या चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात. "वहिनी, त्याले नाव आहे! म्हंजे मले एकटीलेच नाई!" त्या दिवशी मी त्यांना शेवटचं आनंदी पाहिलं. आमचे हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "कोणतं सॅटेलाइट म्हणते ती?" त्यांना वाटलं टीव्हीची छत्री बदलायची आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझी जीभ वळवळली. मी म्हटलं, बाई, गादीला टाके घातले की मधेमधे कापूस फुगतो ना, तसंच आहे हे. कातडीच्या खाली चरबी असते, तिला धागे ओढून धरतात. बहुतेक सगळ्या बायकांना असतं, बारीक बायकांनाही. पूर्ण जात नाही. चालणं ठेवलं, नीट खाल्लं, मांडीचे स्नायू घट्ट झाले तर जरा कमी दिसतं, इतकंच. नणंदबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी तर मले धडा शिकवून राह्यल्या. काय काय करा लागते ते सांगा." मी कपाळावर हात मारला, आणि तिथून पुढे चार वर्षं मारतच राहिले.

कारण नणंदबाई अर्धवट काही करत नाहीत. भात सोडला. बालाघाटात राहून, घरात चिन्नोरचा सुगंधी तांदूळ असताना, भात सोडला. कुकरची शिट्टी झाली की त्या येऊन ओट्याशी उभ्या राहायच्या, डोळे मिटून तो वास घ्यायच्या आणि परत जाऊन ज्वारीची भाकर चावायच्या. कुठेतरी वाचलं की कॉफीची पूड मांड्यांना चोळतात. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी कॉफी प्यायलेलं नाही, म्हणून त्यांनी चहाचा चोथा घेतला. चहा आमचा साखर घालून उकळलेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत लाल मुंग्यांची रांग लागली, ती दाराच्या उंबऱ्यापासून थेट पलंगापर्यंत. मग लाटण्याचा प्रयोग आला. मांडीवर लाटणं फिरवलं की रक्त खेळतं म्हणे. त्यासाठी वेगळं लाटणं ठेवलं, ओळखायला त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला. माझी बहीण गोंदियाहून आली, तिने नेमकं तेच उचललं आणि भराभर वीस पोळ्या लाटल्या. नणंदबाईंनी ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माहा आज उपास आहे." आमचे हे मात्र माझ्या बहिणीचं कौतुक करत थांबेनात, अशा मऊ पोळ्या या घरात कधी झाल्याच नाहीत म्हणून. मी दोन खाल्ल्या. काय करणार?

पण या सगळ्यावर कळस चढला तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर. आता यात थोडा दोष आमच्या भाषेचाही आहे. गालावर पडली की आपण तिला खळी म्हणतो आणि तिच्यावर जीव टाकतो. तीच मांडीवर पडली की नणंदबाई हिंदीत शिरतात आणि 'गड्ढा' म्हणतात. त्यांना आपल्या बहिणींच्या ग्रुपवर मन मोकळं करायचं होतं. बहिणींची मुलं हिंदीच वाचतात, तेव्हा घरातले सगळे ग्रुपही हिंदीतच चालतात. त्यांनी लिहिलं, "गड्ढे दिन पर दिन गहरे होते जा रहे हैं। देखकर रोना आता है। कोई उपाय हो तो बताइए।" आणि ते धाडलं मोहल्ल्याच्या ग्रुपवर. पाच मिनिटांत तीस अंगठे आले. कोणी लिहिलं, "दीदी ने सबके मन की बात कह दी।" कोणी गल्लीतल्या खड्ड्यांचे फोटो टाकले. एका आजोबांनी कळवलं की ते स्वतः याच गड्ढ्यांत दोनदा पडलेत. संध्याकाळी पार्षदांचं, म्हणजे आमच्या नगरसेवकांचं, हात जोडलेलं उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकासमोर मुरमाची ट्रॉली रिकामी झाली. नणंदबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. लोक समजले, बाई प्रसिद्धीची भुकेली नाही. गल्लीचा रस्ता आजही सपाट आहे. त्यावरून जाताना त्या मान खाली घालून म्हणत, "याईचे भरले. माहे काई भरले नाई."

इथपर्यंत मीही हसत होते. हसता हसता एका गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नाही, आणि ती आठवली की आता मला माझाच राग येतो. फोनच्या व्हिडिओतल्या त्या बाईने उठाबशा सांगितल्या होत्या. नणंदबाईंनी खिडकीचे गज धरून रोज शंभर उठाबशा सुरू केल्या, मोठ्याने आकडे म्हणत. शेजारची दादी भिंतीवरून डोकावून विचारायची, "क्या गलती हो गई बिटिया से?" त्यांचे गुडघे आधीच दुखत होते. साठाव्या उठाबशीनंतर आकड्यांच्या जागी कण्हणं ऐकू यायचं, पण त्या शंभर पुऱ्या करायच्या. पुढे बसची पायरी चढताना त्या दांडीला लोंबकळू लागल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बजावलं, उठाबशा ताबडतोब बंद, फिजिओथेरपी ताबडतोब सुरू, नाहीतर ही रोजची बस सोडावी लागेल.

बस सुटली की नोकरी सुटणार, आणि नोकरी सुटली तर त्यांच्याजवळ काय उरणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. या घरात त्या कोणाची आत्या, कोणाची नणंद. किरनापुरात मात्र त्या 'बड़ी मैडम' होत्या. त्यांच्या टेबलाशी गावोगावची माणसं कागद घेऊन उभी राहायची, आणि कोणाचा कोणता कागद राहिला हे त्या तोंडपाठ सांगायच्या. तरी फिजिओथेरपीला त्या तयार होईनात. तिथे साडी वर घ्यावी लागते, एवढ्यासाठी. "आधी गड्ढे जाऊ द्या, मंग दाखवीन पाय," म्हणायच्या. दिवाळीनंतर जाऊ म्हणाल्या. दिवाळी गेली, मग संक्रांत, मग मार्च संपला की. अशी दोन वर्षं गेली. मी समजावलं, रागावले, एकदा तर ओरडले, "बाई, कोण पाहणार आहे तुमच्या मांड्या?" त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.

उत्तर दिलं त्यांनी आठवड्याभराने, मेथी निवडताना. एकोणीस वर्षांच्या असताना लांजीला चुलत बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या. हळदीच्या दिवशी अंगणात सगळ्या पोरींनी नवरीबरोबर अंघोळ केली. पाणी घालता घालता एक मावशी म्हणाली, "हे काय वं पोरी? लग्नाआधीच मांडीले गड्ढे पडले तुह्या? नवरा पाहीन तं पळून जाईन." सगळ्या हसल्या. मावशी बिचारी घटकाभरात विसरली असेल. "मी बी हासली," नणंदबाई म्हणाल्या. त्यानंतर पाच-सहा स्थळं आली. एक तर चांगला मास्तर होता, दोनदा निरोप पाठवला त्याने. नणंदबाईंनी कोणाच्या नाकाला नावं ठेवली, कोणाच्या गावाला. घरात सगळे म्हणायचे, पोरगी फार चोखंदळ आहे. मीही तेच म्हणत आले होते. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

मग या पावसाळ्याआधी एक दिवस त्या सकाळी साडेनऊलाच घरी परत आल्या. बस स्टँडवर त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि तो वर उचललाच गेला नाही. मागे माणसं खोळंबली, कंडक्टरने हात ओढला, कोणीतरी मागून रेटलं, तरी नाही. शेवटी त्या स्वतःच बाजूला झाल्या आणि रोजची बस त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. त्या ओसरीच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर, आणि म्हणाल्या, "चला वहिनी. कुठी नेता तिकडं न्या."

जायच्या आधी तीन दिवस तयारी चालली. तेल काय, उटणं काय, गिलक्याच्या जाळीने घासणं काय. नवा परकर शिवून घेतला. फिजिओथेरपीवाली पंचविशीची पोरगी होती. पलंगावर निजवून तिने साडी वर सारली, तेव्हा नणंदबाईंनी माझा हात असा आवळला की माझी बांगडी पिचली. पोरीने गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला. "यहाँ दुखता है, आंटी? यहाँ? उठक-बैठक किसने करवाई आपसे?" बोलता बोलता ती बाजूच्या पलंगावरच्या बाईलाही सूचना देत होती. दहा मिनिटांत साडी खाली. ती म्हणाली, गुडघे बरेच झिजलेत. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता व्यायामाने दुखणं कमी होईल, पण बसच्या पायऱ्या रोज नकोत.

घरी येताना ई-रिक्षात मी मनात वाक्यं जुळवत होते. नोकरीबद्दल काय बोलायचं, धीर कसा द्यायचा. नणंदबाई बाहेर पाहत होत्या. नगरपालिकेच्या वळणावर एकदम म्हणाल्या, "तिनं पाह्यलंच नाई, वहिनी."

"काय?"

"मांड्या. एक नजर बी टाकली नाई. मी डोळे मिटून वाट पाहून राह्यलती, आता काई म्हणन, आता हासन. तिनं पाह्यलंच नाई."

"बरंच झालं की मग," मी म्हटलं.

"हौ," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. "काहून रडू येऊन राह्यलं मले, काई समजत नाई."

मला समजलं होतं. मी चष्मा पुसत बसले.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. निरोपाच्या दिवशी ह्यांनी त्यांना गाडीतून किरनापुरला नेलं. गावोगावची माणसं आली होती म्हणे, एका म्हाताऱ्याने तर तिथेच विचारलं की आता माझा कागद कोण शोधणार. आता त्या दिवसभर घरी असतात. पाण्याचे तांबे सुटले, भाकर सुटली, पुन्हा भात खातात, मन लागत नाही म्हणून थोडाच खातात. फिजिओच्या व्यायामाला मात्र कोणीतरी पाय धरून उचलावा लागतो, तो संध्याकाळी मी उचलते. पहिले काही दिवस त्या साडीवर चादर घ्यायच्या. परवा चादर घेतली नाही.

मी पाय उचलला, दहा आकडे मोजले, खाली ठेवला. त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "वहिनी, एक डाव पाहून घ्या. नीट पाहा, चष्मा लावून."

मी चष्मा लावला आणि पाहिलं. एवढ्या वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं तेवढा वेळ पाहिलं. साध्या, गोऱ्या, वय झालेल्या मांड्या होत्या. खळ्या होत्या तिथेच होत्या, माझ्या आहेत तशाच. विज्ञानाची बाई म्हणून मी आयुष्यात कोणाला खोटं सांगितलेलं नाही.

"कमी झाल्यात थोड्या," मी म्हटलं.

"खोटं नोका बोलू," त्या म्हणाल्या. मी दुसरा पाय उचलला. मोजणं अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा त्यांनी मान वळवून अगदी हळू विचारलं, "किती थोड्या?"