पायाकडून तू धर

ती ज्या वृद्धाश्रमात कामाला होती, तिथे तिला सगळे आमेनमावशी म्हणत. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शेवट ती अशा खणखणीत ‘आमेन’ने करायची, की खालच्या मजल्यावरचा स्वयंपाकी लगेच चहाचं आधण ठेवायचा. त्या आवाजाला रंगमंच मिळाला असता, तर शेवटच्या रांगेतला माणूसही तृप्त होऊन घरी गेला असता. मावशीच्या वाट्याला आलं ते एक लांबट दालन, दोन्ही बाजूंना खाटा आणि निम्मे कान गेलेले प्रेक्षक.

मावशी ख्रिस्ती, आणि तीही उठता-बसता देवाशी बोलणारी. केस विंचरताना प्रार्थना, फरशी पुसताना प्रार्थना, चादरी पिळताना प्रार्थना. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कुशीवर वळवायचं असलं, की त्यांच्या खांद्यांखाली हात घालून ती म्हणायची, “प्रभू, डोक्याकडून मी धरते, पायाकडून तू धर.” एकदा तिनं स्वयंपाक्याला मदतीला बोलावलं होतं. हे ऐकून तो वैतागला. दोघं आहातच की, मग मला कशाला जिने चढायला लावलंस, म्हणाला. मावशीनं त्याला मधे धरायला लावलं.

बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई कशाला म्हणून भीत नाही. खरी गोष्ट अगदी उलटी होती. मावशीइतकी भित्री बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. नवरा आजारी होता तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून होती. क्षणभर डोळा लागला, आणि उघडला तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून कुणाचा श्वास जरा लांबला तरी ती हातातलं काम टाकून तिकडे धावायची. दिवसभर ती भीती तिच्या पदराला धरून हिंडायची. फक्त संध्याकाळी, दालनाच्या मधोमध उभं राहून हात जोडले, डोळे मिटले, की खाटा नाहीशा व्हायच्या, खोकले नाहीसे व्हायचे, आणि भीतीही. म्हणून ती प्रार्थना लांबत जायची. स्वयंपाकी म्हणायचा, मावशी देवाला सोडायला तयार नाही, त्यालाही इतर कामं असतील.

त्या दिवशी ती गच्चीवर चादरी काढत होती. निम्म्या काढून झाल्या आणि प्रार्थनेची वेळ झाली. उरलेल्या मागाहून नेऊ, असं म्हणून ती खाली आली. गच्चीच्या दाराला कडी घातली की नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

प्रार्थना छान रंगली. एकेका खाटेचं नाव घेऊन तिनं आशीर्वाद मागितला, ‘आमेन’ म्हटलं, डोळे उघडले. खिडकीजवळची खाट रिकामी होती.

ती खाट मास्तरीणबाईंची. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई. अलीकडे पोटच्या मुलीलाही त्या, तुम्ही कुणाच्या पालक, असं विचारायच्या. शाळा तेवढी विसरल्या नव्हत्या. पाय काटकुळे, पण चालायला लागल्या की थांबायचं नाव नाही.

मावशीनं न्हाणीघर पाहिलं. खाटांखाली वाकून पाहिलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, गेली की मघाशी, तू डोळे मिटून उभी होतीस तेव्हा, आम्ही काय प्रार्थनेत बोलायचं? मावशीला ते वाक्य पाठीत लागलं. आणि त्याच क्षणी तिला गच्चीची कडी आठवली.

ती जिना चढत सुटली. वरून काही आवाज येतोय का, म्हणून चढता चढता कान देत होती. आवाज येत नाही याचीच जास्त भीती वाटली. दार सताड उघडं होतं.

उरलेल्या चादरी दोऱ्यांवर ओळीनं लटकत होत्या. उजेड उतरत चालला होता. आणि चादरींच्या पलीकडे, गच्चीच्या बुटक्या कठड्यावर, मास्तरीणबाई उभ्या होत्या. कठड्याशी मावशीनंच उपडी टाकलेली बादली होती; तिच्यावर पाय देऊन त्या चढल्या होत्या. तोंड चादरींकडे, पाठीमागे नुसतं आकाश आणि खूप खाली रस्ता. समोरच्या पांढऱ्या रांगांकडे त्या कौतुकानं पाहत होत्या. त्यांचा वर्ग भरला होता.

ओरडावं तर त्या दचकतील. धावावं तर मागे सरतील. मावशी चादरींच्या मधे खिळून उभी राहिली.

“उशीर,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“चुकले, बाई.”

“ओळीत उभी राहा. प्रार्थना व्हायची आहे. हात जोड, डोळे मीट.”

मावशीनं हात जोडले. जन्मभर ज्या जिभेवर शब्द मावत नव्हते, ती टाळ्याला चिकटली होती. बाईंच्या पायांत चप्पल होती, एका चपलेचा पट्टा सुटून लोंबत होता, आणि टाच कठड्याच्या बाहेर आली होती. मावशीला त्या टाचेपलीकडे काही दिसेना. डोळे मिटले तर ती टाच पुन्हा दिसणार नाही, एवढंच तिला कळत होतं. धर, ती मनात म्हणाली. पायाकडून धर. पुढे शब्दच सुचेना. धर. धर.

“मागे कुणाचे डोळे उघडे आहेत?”

“माझे, बाई.”

“का?”

“भीती वाटते. मी डोळे मिटले की माणसं जातात.”

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. वाऱ्यानं चादरी हलल्या, तशा त्याही किंचित हलल्या. मावशीच्या घशातून आवाज निघाला, तो तिनं तिथेच गिळला.

“इकडे ये,” बाईंनी फर्मावलं.

मावशीला जायचं होतं. पाय उचलेनात. भीतीनं तिला खुंटीसारखं रोवून ठेवलं होतं.

“येत नाहीस? मग मीच येते.”

पट्टा सुटलेली चप्पल पुढे आली, बादलीवर टेकली. बादली कलली. मग दुसरा पाय खाली आला, फरशीला लागला, आणि मास्तरीणबाई चादरी बाजूला सारत तरातरा आल्या व त्यांनी मावशीचा कान पिळला. कान हातात येताच मावशीनं ते मनगट दोन्ही हातांनी पकडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंना वाटलं, शिक्षा लागू पडली.

कान धरूनच त्यांनी तिला सगळे जिने उतरवून व्यवस्थापिकेच्या ऑफिसात नेलं. ही प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते, अशी तक्रार केली. व्यवस्थापिका हसू लागल्या. मग मावशीनं कडीपासून सगळं सांगितलं, आणि हसू जागच्या जागी विरलं. नोकरी गेलीच असं मावशी धरून चालली होती. व्यवस्थापिका म्हणाल्या, गच्चीला कुलूप लागेल, किल्ली आजपासून स्वयंपाक्याकडे राहील. प्रार्थनेबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नाही, आणि त्याची मावशीला जास्त धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दालनात उभी राहिली, तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. डोळे मिटायची छाती झाली नाही. तिनं उघडे ठेवले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच आपली माणसं प्रार्थना करताना पाहिली. खिळलेल्या आजोबांचे ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते. कोपऱ्यातली आजी शेजारणीच्या बशीतलं बिस्किट उचलत होती. एक जण आवाज न करता रडत होता. तो रोजच रडत असेल, मावशीला कधी कळलंच नव्हतं. ती बोलत बोलत त्याच्याकडे गेली, खांद्यावर हात ठेवला आणि पुढचं तिथूनच म्हटलं. भीती गेली नव्हती. ती तिच्याबरोबर खाटेखाटेशी येत होती. प्रार्थना मात्र लवकर संपली. ‘आमेन’ इतका हळू निघाला की चहाला उशीर झाला, आणि स्वयंपाकी काय झालं म्हणून वर बघायला आला.

तेव्हापासून हाच शिरस्ता पडला. अजूनही रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या खाटेवरून प्रश्न येतो, कुणाचे डोळे उघडे आहेत. मावशी प्रार्थना न थांबवता तिथे जाते, बाईंच्या पायांवरचं पांघरूण नीट करते आणि कान पुढे करते.