मावशींच्या नाकाचं माप

दूध जळून पातेलं काळंठिक्कर पडलं तरी मावशींना कळलं कसं नाही, हे काही केल्या आईच्या डोक्यातून जात नव्हतं. मावशी शेगडीपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. फडकं पिळत होत्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. आईला तो करपट वास खाली जिन्यातच आला. हातातल्या पिशव्या तिथेच टाकून ती धावत स्वयंपाकघरात शिरली, तर मावशी शांतपणे वळून म्हणाल्या, "काय झालं ताई? उंदीर दिसला का?"

तेव्हा आईला हसू आलं होतं. दिवस कलला तसं ते हसू आटत गेलं. परवा लेक दवाखान्यातून तान्ह्या मुलीला घेऊन इथे, या घरी येणार होती, आणि बाळ-बाळंतिणीचं सगळं मावशींच्या हाती जाणार होतं.

आठवडाभर आई घर ते दवाखाना, दवाखाना ते घर करत होती. थर्मास, धुतलेले कपडे, न धुतलेले कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या. पायांचे गोळे असे दुखत होते की बसलं तर उठवत नव्हतं आणि उठलं तर बसवत नव्हतं. या सगळ्यात तिला एकाच गोष्टीचा धीर होता. मावशी येतील, कंबरेला पदर खोचतील, आणि आपण दोन दिवस कुणी हाक मारेपर्यंत नुसतं पडून राहू.

गल्लीत सगळे त्यांना निलगिरीमावशी म्हणायचे. त्यांच्या पिशवीत निलगिरीच्या तेलाची बाटली असायची, चिंधीत गुंडाळलेली. झाकण कधीच नीट बसायचं नाही. त्यामुळे पिशवीतला रुमाल, चष्म्याचं घर, सुट्टे पैसे, बिस्किटाचा पुडा, सगळ्याला तोच वास. बसमध्ये चढल्या की कंडक्टर मान वर न करता म्हणायचा, "मावशी, पुढे सरका." मुलाच्या केसात च्युइंगम चिकटलं, कपाटाला कागदाचा डिंक राहिला, कुणाचा गुडघा धरला, कुणाला सर्दी झाली की मावशींना बोलावणं जायचं.

तरुणपणी त्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात आया म्हणून लागल्या. नवरा ट्रक चालवायचा. एका खेपेला गेला तो दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसला. त्याबद्दल मावशी आयुष्यभरात एवढंच बोलल्या, "गेला तर गेला. घोरायचा फार." मुलगा वाढवला, शिकवला. तो आता परगावी असतो. फोन करतो तेव्हा "बरी आहेस ना?" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत "चल, ठेवतो" म्हणतो.

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरने त्यांना फरशी पुसायला शिकवलं होतं. बादलीभर गरम पाणी, त्यात निलगिरीचं तेल. किती? तर थेंब मोजायचे नाहीत, नाकाला विचारायचं. बादलीवर वाकायचं, एक श्वास घ्यायचा. वास नाकाच्या शेंड्यालाच थांबला तर कमी, कपाळात गेला तर जास्त. या दोन्हींच्या मधे कुठेतरी मावशींचं माप होतं, आणि ते बरोबर लागलं की त्यांची डावी भुवई जरा वर जायची. पुढे नोकरी संपल्यावर घरोघरच्या आजारपणांना आणि बाळंतपणांना त्या जाऊ लागल्या, ते हेच माप घेऊन. आईने ती भुवई किती वेळा पाहिली होती! लेक लहान असताना सारखी खोकायची. मावशी तिला टॉवेलाखाली घेऊन बसायच्या, वाफेत दोघींचे चेहरे लाल, आणि आतून गोष्ट चालू, "मग तो वॉर्डातला बोका म्हणाला, डॉक्टरसाहेब, इंजेक्शन मला नको, त्या सिस्टरला द्या!"

तान्ह्या बाळांबाबत मात्र मावशी फार कडक. "बाळाला एक थेंब लावायचा नाही. कुणीही काहीही सांगू दे. पुसायची ती खोली, तीही बाळ यायच्या आधी. खिडक्या उघड्या टाकायच्या. वास माझ्या नाकातून पार उतरला की मगच बाळ आत." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही काल लेकीला बजावलं होतं, तीव्र वासाचं काही बाळाजवळ नको, एवढ्याशा जिवाला श्वास घेणं जड जातं. ते ऐकून लेक आईकडे बघून हसली होती. "आपल्या मावशी हेच सांगतात ना ग?"

आज सकाळी मावशी खोली पुसायला आल्या. नेहमीसारख्या बादलीवर वाकल्या. तेल ओतलं, श्वास घेतला. भुवई हलली नाही. पुन्हा ओतलं. पुन्हा वाकल्या. आई दारात दुपट्यांच्या घड्या घालत उभी होती, तिचा घसा खवखवायला लागला.

"मावशी, पुरे की हो."

"कसलं पुरे! हल्ली तेलात दमच राहिला नाही, ताई. दुकानदाराला चांगला झापला मी. म्हणे, तीच कंपनी, तीच बाटली. मी म्हटलं, बाळा, तू जन्मायच्या आधीपासून हे तेल ओळखते मी, मला शिकवतोस?" त्यांनी आणखी एक धार सोडली. "हां. आता कुठे जरा नाकात चुरचुरलं."

आईने डोळे पुसले. डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या.

"तेलाचं जाऊ दे," मावशी फरशीवर फडकं फिरवत म्हणाल्या, "साबण घ्या, फुलं घ्या, कशालाच वास नाही. सगळा माल फिका यायला लागलाय. जेवणसुद्धा कागद चघळल्यासारखं लागतं. काय खातोय आपण, देव जाणे."

"कधीपासून हो असं?"

"त्या थंडीत मला ताप नव्हता का आला? त्यानंतरच. तेव्हापासून बाजारच बिघडला बघा."

तेव्हा ते आईला नुसतं म्हातारपणाचं कुरकुरणं वाटलं. मावशींनी फडकं पिळलं, हात झटकले आणि खोलीकडे समाधानाने बघत म्हणाल्या, "झालं. आत्ता या घटकेला बाळ आणलं तरी चालेल. वास म्हणून नाही कुठे."

मग आई खालच्या दुकानात जाऊन आली, आणि मग ते दूध.

निघताना मावशी चपला घालत म्हणाल्या, "तुमच्याकडचं आटोपलं की शिंप्याच्या सुनेकडे जायचंय. तिचेही दिवस भरत आलेत. रोज माणूस पाठवतोय शिंपी. त्याला म्हटलं, आधी माझी नात येऊ दे घरी."

माझी नात!

संध्याकाळी बाबा आले ते दारातच खोकले. "अगं, घर पुसलंय की औषधात बुडवून वाळत घातलंय?"

आईने सगळं सांगितलं. तेल, भुवई, बाजार, दूध. बाबा बूट हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे त्यांना वासच येत नाही?"

"येत नाही. आणि त्यांना ते माहीतही नाही. त्यांना वाटतं, जगालाच वास राहिला नाही."

"मग सोपं आहे. सांग, विहीणबाई येताहेत राहायला, यावेळी तुम्हाला त्रास नको. वाईट वाटेल थोडं, पण रागवायच्या नाहीत."

आईला ते पटलं. अगदी मनापासून पटलं, कारण त्यात काहीच करावं लागत नव्हतं. थकलेल्या माणसाला अशी वाट आवडते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. मागे बाळाचा बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज.

"आई, मावशींनी खोली पुसली का? त्या येणार ना नक्की? मला ना, खरं सांगू, रात्री हिला एकटीने घ्यायची भीती वाटते. मावशी असल्या की मी झोपेन तरी."

"झोप तू. बघते मी," आई म्हणाली.

फोन ठेवून ती लेकीसाठी आवरलेल्या खोलीत गेली. खिडक्या दिवसभर सताड उघड्या होत्या, तरी वास गेला नव्हता. पाळण्याची चादर उचलून तिने नाकाशी धरली आणि मान मागे घेतली. उद्या सगळं पुन्हा साध्या पाण्याने पुसायला हवं. चादरी धुवायला हव्यात. कोण करणार? आपणच. ती पलंगाच्या कडेवर बसली. विहीणबाईंची थाप कशी मारायची याची तिने मनात जुळवाजुळव केली. मावशी म्हणतील, "बरं बाई, ठीक आहे." आवाज जरा पडेल. मग पिशवी उचलतील आणि जातील.

शिंप्याकडे जातील.

त्या घरात बादलीवर वाकतील, धार सोडतील, आणि म्हणतील, आत्ता आणलं तरी चालेल. शिंप्याची सून नवखी आहे, सासू नाही, बोलणारं कुणी नाही. आणि मावशींच्या खोलीत गॅस आहे. एकट्या राहतात. नळी सुटली, बर्नर विझला, तर त्या म्हणतील, गॅसमध्येही हल्ली दम नाही.

आपलं बाळ वाचवायला एक थाप पुरे होती. बाकी कुणालाच ती पुरणार नव्हती. आणि मावशींचा मुलगा "चल, ठेवतो" म्हणायच्या आत हे ओळखणार नव्हता. शिंपी नाही, कंडक्टर नाही.

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मावशी, बाजार बरा आहे, तुमचं नाक गेलं? ज्या बाईने आयुष्यभर नाकाला विचारून काम केलं, तिला? त्या रडतील का? की भडकतील, "ताई, तुम्ही मला शिकवता?" भडकल्या तर बरं. रडल्या तर काय करायचं, हे आईला माहीत नव्हतं. त्यांना घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. तिथे रांगेत बसायला हवं. अजून एक दवाखाना. तिच्या पायांनी आत्ताच नको म्हटलं.

बाबा दारात आले. "सांगितलंस का?"

"कुणाला?"

"मावशींना. विहीणबाईंचं."

"नाही," आई म्हणाली. "ते नाही सांगणार."

"मग?"

"माझा फोन द्या इकडे. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमच्यासमोर मला नीट बोलता येणार नाही."

बाबांनी फोन दिला आणि दार ओढून घेतलं. आईने मावशींचा नंबर काढला, खिडकीशी जाऊन एक मोठा श्वास घेतला, आणि लावला.