खळ्यातली मॅच

परवा आमच्या मालवणच्या घरी खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. मुकादम म्हणाला, "आजी, खालची माती खणून काढूची लागतली." मी म्हटलं, थांब जरा, आधी चहा घे. चहा पिऊन झाला तरी माझ्या तोंडून 'हो' काही निघेना...

कारण या खळ्यात एकदा टेनिसची मॅच झाली होती. हसू नका, खरंच झाली होती.

पन्नासच्या दशकात आमच्या इथे एक क्लब होता आणि त्याचं एक कोर्ट. लाल मातीचं, पावसाळा संपला की शेणाने सारवलेलं, वर चुन्याच्या रेघा. नेटसुद्धा रापण ओढणाऱ्या मासेमारांनी विणून दिलेलं. खेळणारे बरेच, पण बघण्यासारखे दोघेच... शाळेत गणित शिकवणारे माझे अप्पा आणि बंदरावरच्या ऑफिसात नोकरीला असलेले बाळकाका.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की फायनल व्हायची. वर्षानुवर्षं कप बाळकाकांच्या घरी जायचा आणि अप्पा त्या रात्री जेवायचे नाहीत. दोघं लहानपणापासूनचे सोबती, पण बाजारात समोरासमोर आले तर एक जण रस्ता बदलायचा. एवढं काय ते खेळाचं वेड, असं आई कपाळाला हात लावून म्हणायची.

मग वारं फिरलं. बाळकाकांच्या हातून रॅकेट सटकायला लागली, सर्व्हिस नेटमध्ये जायला लागली. अप्पा जिंकले, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले. आईने साखर वाटली, मी शाळेत भाव खाल्ला... आमच्या घरात दिवाळीच होती म्हणा ना.

त्यानंतरच्या शिमग्यात बाळकाकांनी होळीतला निखारा बोटांनी उचलला आणि आरामात विडी पेटवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. काय तो दगडाचा हात, काय ती छाती! दरवर्षी ते असंच करत आणि दरवर्षी टाळ्या पडत.

अप्पांनी मात्र त्या दिवशी टाळी वाजवली नाही. ते बोटांकडे बघत होते. बोटांना टरटरून फोड आले होते आणि बाळकाका हसत होते.

अप्पांच्या नांदगावच्या मामांचं असंच सुरू झालं होतं. आधी हात बधिर, मग बोटं वाकडी, मग गोठ्यामागची वेगळी खोली... आपण दोन कप कसे जिंकलो, हे अप्पांना त्या होळीसमोर कळलं. ते घरी आले आणि कप फळीवरून काढून ट्रंकेत टाकले.

दुसऱ्या दिवशी ते बाळकाकांच्या घरी गेले. मीही सोबत होते. "बाळा, हात डॉक्टराक दाखव. ह्या साधा नाय," एवढंच म्हणाले. बाळकाका उसळले. "फायनल जवळ इली म्हणान माका दुखणायत ठरवतंस? इतको घाबारलंस?" आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलंही असतं. पण अप्पांचं कसं ऐकणार?

फायनलच्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. अप्पा पांढरे कपडे घालून आले, नेटपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "कप तुझो. मी खेळूचंय नाय. आता तरी हात दाखव." लोकांना ऐकू गेलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की मास्तर पाठ फिरवून निघाले... मग शिट्ट्या काय, हुर्यो काय! कितीतरी दिवस मला शाळेत 'पळपुट्याची पोर' म्हणत होते.

पण बाळकाकांना पटलं. जो माणूस हरल्यावर जेवत नाही, तो आपणहून हरला होता. ते घाटावरच्या दवाखान्यात गेले. महारोगच होता.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. नोकरी गेली. बायको मुलाला घेऊन आरोंद्याला माहेरी निघून गेली. क्लबाने काय केलं माहीत आहे? ते खेळले होते म्हणून कोर्ट खणून काढलं, नवी माती घातली, पुन्हा सारवलं. कप मात्र त्यांच्याकडून परत मागितला नाही. हात कोण लावणार होतं त्याला!

बाळकाका परत आले तेव्हा साठचं दशक अर्धं सरलं होतं. रोग बरा झाला होता, डॉक्टरांचा कागद होता. बोटं मात्र वाकलेलीच राहिली. क्लबाच्या फाटकातूनच त्यांना परत पाठवलं.

अप्पांनी आमचं खळं आईकडून सारवून घेतलं. आई घाबरली होती, रडली होती, पण सारवलं तिने. जुनं जाळं बांधलं, चुन्याच्या रेघा मारल्या. बाळकाकांनी रॅकेट मनगटाला फडक्याने बांधली आणि दोघे खेळले... दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष, धापा टाकत, कोपऱ्याकोपऱ्याला चेंडू मारत.

अप्पांनी त्यांना सपशेल हरवलं. मला अप्पांचा राग आला होता. पण बाळकाका घामाने निथळत ओटीखाली आले आणि आईला म्हणाले, "वयनीनू, एकव पॉइंट फुकट दिल्यान नाय माका!" आणि ढसाढसा रडले.

ते गेल्यावर शेजारीण कुंपणाच्या दगडी गडग्यावरून ओरडली, "वयनीनू, शेण हाडून देतंय हां! आताच सारवून घेवा." सगळं खळं बाळकाकांच्या पावलांनी उखणलेलं होतं. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नको. माझा खळा विटाळूक नाय."

पुढच्याच पावसाळ्यात बाळकाका वारले. खांदा द्यायला अप्पांना गावात माणसं मिळेनात. शेवटी बैलगाडी करावी लागली. अप्पा एकटेच गाडीमागून चालत गेले आणि त्यानंतर त्यांनी रॅकेटला हात लावला नाही.

...मुकादमाचा चहा केव्हाच संपला होता. मी त्याला म्हटलं, माती खणायची नाही. वरूनच बसव. तो म्हणाला, "आजी, ब्लॉक वरखाली होतले." म्हटलं, होऊ देत बाबा. मी जपून चालेन.