संशयाचा फायदा

"रुमाल काढ," हे आयरे मॅडम माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारात पोलिसांनी मला गाडीतून उतरवलं होतं. समोर काही जण मोबाइल रोखून उभे होते, म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून मान खाली घातली होती. काळा कोट घातलेली एक ठेंगणी, पन्नाशीची बाई गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी हललो नाही, तशी तिने स्वतःच हात वर करून रुमालाची गाठ सोडली, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. "तोंड झाकलंस की बघणाऱ्याला वाटतं, ह्यानेच केलंय. रोज झाकायला लागलास की तुलाही तसंच वाटायला लागेल," असं म्हणून ती माझ्या शेजारून कोर्टाच्या पायऱ्या चढली. आपल्या प्रत्येक अशिलाच्या बाबतीत त्या असंच करायच्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मला त्यांचा राग आला होता.

मी देवरूखच्या कॉलेजात बी.कॉम. झालो आणि नोकरी मिळेना म्हणून कर्ज काढून एक लहान टेम्पो घेतला. सावर्डे, संगमेश्वर, रत्नागिरी असा माल पोचवायचो. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी किराणा, औषधं, कोणाचं कपाट, कोणाची शिलाई मशीन. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने दिलेलं खोकं घेऊन निघालो असताना पोलिसांनी हायवेवर गाडी अडवली. खोक्यात वरच्या बाजूला टॉवेल होते आणि खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चरसची पाकिटं. व्यापारी त्या दिवसापासून गायब झाला. वजन इतकं होतं, की गुन्हा शाबित झाला तर कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन मिळणं जवळपास अशक्य. दुसऱ्या दिवशी आमच्या घराची झडती झाली, तेव्हा माळ्यावर आजोबांची जुनी ठासणीची बंदूक सापडली. रानडुकरांसाठी त्यांनी ती परवान्याने घेतली होती. आजोबा गेले, परवाना संपला, बंदूक तशीच राहिली. वर्तमानपत्रात बातमी आली ती चरस आणि बंदूक अशी एकत्र. वाचणाऱ्याला मी मोठा गुंड वाटलो असेन.

तुरुंगात मॅडम पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा मी रात्रभर जुळवलेलं सगळं सांगायला सुरुवात केली: मला काही माहीत नव्हतं, मी निर्दोष आहे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही," त्या म्हणाल्या. त्यांना हवं होतं ते वेगळंच. गाडी कुठे अडवली, पंच म्हणून कोणाला बोलावलं, पाकिटं कोणी फोडली, वजनकाटा कुठून आणला, लाख लावून सील केलं ते रस्त्यावर की ठाण्यात. मी आठवून आठवून सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्या बाईला मी खरा की खोटा यात काही रस नाही.

बंदुकीबद्दल मी सुचवलं की पोलिसांनीच ती आणून ठेवली असं म्हणूया. तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "बंदूक तुमच्या माळ्यावर होती. होती, असंच आपण म्हणायचं. खोटं बोलून सुटायचं असेल तर दुसरा वकील बघ. मी नाव देते." पुढे बंदुकीचा आरोप टिकला नाही तो दोन गोष्टींमुळे. नळी गंजून बंद झाली होती, ती उडण्याजोगी नव्हती असा तज्ज्ञांचाच अहवाल आला, आणि अशा खटल्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती घेतलीच गेली नव्हती. दोन्ही गोष्टी मॅडमनी शांतपणे कोर्टासमोर ठेवल्या. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं.

खटला रेंगाळला. माझी आई दर तारखेला एसटीने यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाच्या आड उभी राहायची. बाबा एकदाही आले नाहीत. शिमग्यात पालखी घरोघरी येते, त्या वर्षी ती आमच्या वाडीत आली तेव्हा बाबांनी आतून दार लावून घेतलं. देवाला कुठल्या तोंडाने घरात घेऊ, असं ते आईला म्हणाले. आईने हे मॅडमना सांगितलं आणि मॅडमनी मला. त्या स्वतः देवरूखच्या पलीकडच्या एका गावातल्या, त्यामुळे पालखीला दार बंद म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. पुढच्या रविवारी त्या आमच्या घरी गेल्या. बाबांशी खटल्याबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. पडवीत बसून भाताची चौकशी केली, पेज मागून घेतली, ती प्यायल्या आणि उठल्या. वकीलीणबाय आपल्या घरात जेवली, हे आईने वाडीत सगळ्यांना सांगितलं. बाबा तरीही कोर्टात आले नाहीत, पण मला डबा घेऊन निघालेल्या आईला, त्याला माझी आठवण सांग, असं म्हणू लागले.

खटल्याचा खरा दिवस म्हणजे हवालदाराची उलटतपासणी. पाकिटातून काढलेले नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. मॅडमनी त्याला आधी नोकरी किती झाली, बदली कुठे कुठे झाली, असं विचारलं. मग नमुने ताब्यात घेतल्यापासून पोचवेपर्यंत ते कुठे होते, हे विचारलं. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली असलेला कारकून रजेवर होता, त्यामुळे नमुने आपण घरी नेले, असं त्याने सांगितलं. घरी कुठे ठेवले? कपाटावर. घरात कोण कोण असतं? बायको आणि दोन मुलं. कपाटाला कुलूप? कपाटावर म्हटलं ना मॅडम, कपाटात नाही. एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलं होतं. मॅडमनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही, त्या खाली बसल्या.

मधल्या सुट्टीत मी पोलिसांबरोबर बाकावर बसलो होतो. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या खुशीत असतील. "माणूस सरळ होता," त्या म्हणाल्या. "खोटारड्याला पाडलं की मला रात्री झोप लागते. आज लागायची नाही." पलीकडे तो हवालदार चहा घेत होता. मॅडम त्याच्याकडे गेल्या. त्याने पाठ फिरवली. त्या तशाच परत आल्या. आपलं काम चोख करूनही माणसाला लाज वाटू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. आणि ती लाज माझ्यामुळे त्यांच्या वाट्याला आली होती.

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन आरोपीला मुक्त करण्यात येत आहे. आई रडली. मी मात्र तो एक शब्द धरून बसलो. चार वर्षं आत काढली, आणि शेवटी संशय माझ्याच नावावर ठेवून मला घरी पाठवत होते. देवरूखच्या बाजारात लोक माझ्यादेखत बोलायचे, वकील चांगला मिळाला म्हणून सुटला. बहिणीसाठी स्थळ यायचं, चौकशी व्हायची आणि मग फोन येणं बंद व्हायचं. एक दिवस तडक मॅडमच्या ऑफिसात गेलो आणि विचारलं, निर्दोष असं का नाही लिहून घेतलंत?

त्यांनी मला बसायला सांगितलं. "कोर्ट सोडतं रे," त्या म्हणाल्या. "धुऊन देत नाही. मी खोक्यात तुझं निर्दोषपण शोधत बसले असते तर तू अजून आत असतास. ते सिद्ध करायला आपल्याकडे काय होतं? तुझा शब्द. म्हणून मी त्यांच्या चुका शोधल्या." मी निघालो. त्या दारापर्यंत आल्या. मी पुन्हा टेम्पो सुरू करावा, असं म्हणाल्या आणि ऑफिसातली जुनी कपाटं गावी न्यायचं पहिलं भाडं त्यांनीच मला दिलं.

त्यानंतर काही वर्षांनी मॅडम आजारी पडल्या, वकिली थांबवून गावी जाऊन राहिल्या. एकट्याच होत्या, भाचा बघायचा. त्या बाजूला माल घेऊन गेलो की मी डोकवायचो. शेवटच्या भेटीत त्या पडवीत खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अंग पार उतरलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्या अचानक म्हणाल्या, "नितीन, त्या खोक्यात काय होतं, तुला माहीत होतं का?"

मी म्हटलं, नाही मॅडम. वरचे टॉवेल मी पाहिले होते, तेवढंच.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"मला वाटायचं, तुला माहीत असावं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून वाटायचं. म्हणून तर मी तुला बोलू दिलं नाही. बोलला असतास तर मला ते खोटं वाटलं असतं, आणि मग मी नीट लढले नसते."

"आणि आता?"

"आता खरं वाटतंय. आता तुला खोटं बोलून काय मिळणार? इतकी वर्षं तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याचीच लाज वाटतेय."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. घरी येताना घाटात गाडी बाजूला घेऊन थांबलो. मला वाईट वाटायला हवं होतं. जिने मला वाचवलं तिलाही मी गुन्हेगारच वाटत होतो. पण मनात दुसरंच येत होतं. मी गुन्हेगार आहे असं वाटत असताना ही बाई माझ्या बापाच्या पडवीत बसून पेज प्यायली होती. चार वर्षं, एकही तारीख न चुकवता, ती माझ्या शेजारी उभी राहिली होती. माझ्यावर विश्वास असलेले कितीतरी जण तेवढेसुद्धा उभे राहिले नव्हते.

त्या पावसाळा संपता संपता गेल्या. बाराव्याला रत्नागिरीहून बरेच वकील आले होते, एक निवृत्त न्यायाधीशही होते. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मी बाबांना टेम्पोतून घेऊन गेलो होतो आणि आम्ही दोघं अंगणाच्या कडेला उभे होतो. भाचा पाहुण्यांची ओळख करून घेत आमच्यापर्यंत आला आणि त्याने विचारलं, आपण त्यांचे कोण?

गाववाले, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात बाबा पुढे झाले.

"हा माझा मुलगा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चरसच्या केसमधला आरोपी. बाईंनी ह्याला सोडवला."

मग त्या निवृत्त न्यायाधीशांनी आपली खुर्ची थोडी सरकवली आणि शेजारची खुर्ची बाबांना बसायला पुढे केली.